समृद्धीचं दूध

२१ जानेवारी

आज दुपारी आकाशात असा एक रंग पाहिला की त्याला मला नाव देता आलं नाही. चित्रकलेची बाई म्हणून उभा जन्म मुलांना रंगांची नावं शिकवण्यात गेला, आणि आज गॅलरीत तोंड उघडं ठेवून उभी राहिले.

आधी आवाज झाला. आवाज कसला, धक्काच. स्वयंपाकघराची काच आत आली, भिंतीवरचं घड्याळ आमटीच्या पातेल्यात पडलं. यांना वाटलं भूकंप. मी गॅलरीत धावले, तर नाल्यापलीकडच्या केमिकल कंपनीच्या जागी धुराचा खांब उभा. बुडाशी नारिंगी, वर जांभळट आणि मध्ये तो रंग. पितळेवर हिरवट थर चढतो तसा, पण आतून पेटलेला. हे ओरडत होते, "मंदा, आत ये! मंदा!" माझा पाय उचलेना. खोटं कशाला लिहू, भीती नंतर वाटली. आधी जे वाटलं ते देवळाच्या गाभाऱ्यात वाटतं तसं होतं.

मग जिन्यात धावपळ. दुसऱ्या मजल्याच्या भिंतीला हात आत जाईल एवढी भेग. पोलिसांनी आमची अख्खी 'शरयू' बिल्डिंग रिकामी करायला लावली. मी औषधांचा डबा, मोबाईल आणि ही वही घेतली. हे खाली आले तेव्हा यांच्या मुठीत कुकरची शिट्टी होती. का घेतली, त्यांना अजून सांगता येत नाही.

२२ जानेवारी

आम्हाला विठ्ठलवाडीजवळ काळुराम शेठच्या लग्नाच्या हॉलवर आणलंय. शेठ इथले मूळचे आगरी, एकेकाळी त्यांच्या वडिलांची शेती आणि मिठागरं होती. महिनाभराची लग्नं त्यांनी दुसऱ्या हॉलना वळवली आणि आम्हाला दारं उघडून दिली. ओळख ना पाळख. स्टेजवर नवरा-नवरीच्या सोनेरी खुर्च्या तशाच आहेत, त्यांच्यावर आता आमच्या ओल्या चादरी वाळतात.

सकाळी शेठच्या बायकोने, सगुणाताईंनी, परातभर तांदळाच्या भाकऱ्या आणल्या. सगळ्यांच्या पानात स्वतः वाढल्या. मला म्हणाल्या, "जेव गो बाय. घर गेला तरी पोट हाय ना?" माझे डोळे भरून आले. माणसं अशी असतात, आणि आपण इतकी वर्षं स्टेशन ते घर, घर ते स्टेशन करत राहिलो.

आमच्या शेजारी तळमजल्यावरची समृद्धी आहे. नवरा कमलेश रिक्षा चालवतो. चार महिन्यांची मुलगी, चिमी. एवढ्या गोंगाटात ती पोर आईला पिता पिता झोपते, आणि झोपेतही ओठ हलत असतात.

२५ जानेवारी

दुसऱ्या मजल्यावरच्या राजरत्नने हॉलवरच्या सगळ्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप केला. मलाही अॅडमिन केलं. म्हणाला, "बाई, तुम्ही असल्यात की लोक सिरियसली घेतात."

त्यावर आज स्फोटाचा व्हिडिओ आला. कुणीतरी लांबच्या टॉवरवरून काढलाय. धूर, गोळा, आणि कडेला आमची बिल्डिंग. थांबवून मोठं करून पाहिलं, तर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एक हिरवा ठिपका. माझी साडी. मी! लाखो लोकांनी पाहिलाय तो व्हिडिओ. काय विलक्षण गोष्ट आहे ही, की मी इथे गादीवर बसून स्वतःला तिथे उभी पाहते. दुपारभर पाहत होते.

डोळे मात्र चुरचुरतायत. संध्याकाळी तर पाणीच आलं. एका चॅनेलवर सांगत होते की अशा वायूचा परिणाम लगेच दिसत नाही, हळूहळू दिसतो, आधी डोळ्यांवर. मी तर सगळ्यांत जास्त वेळ त्या धुराकडे पाहत उभी होते.

२८ जानेवारी

पालिकेच्या डॉक्टर येऊन गेल्या. डॉ. सरोज. तरुण, केस वर बांधलेले, घाईत. हवा तपासलीय, आता धोका नाही, म्हणाल्या. टीव्हीवरही हेच म्हणतात, म्हणजे आतून आदेश असणार.

मी डोळ्यांचं सांगितलं. डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं आणि विचारतात काय, तर, "आजी, मोबाईल किती वेळ बघता?"

मी म्हटलं, "डॉक्टर, स्फोट झालाय. मोबाईल नाही फुटलेला."

आजूबाजूचे हसले. त्याही हसल्या, थेंब लिहून दिले आणि पुढच्या माणसाकडे गेल्या. मला राग आला. आपल्याला काहीतरी होतंय आणि समोरचा ते बघायलाच तयार नाही, यासारखं एकटेपण नाही. ग्रुपवर लिहिलं, तर कितीतरी जणांनी कळवलं की त्यांचेही डोळे जळतात. काल यांतल्या एकालाही त्रास नव्हता. म्हणजे परिणाम आता सुरू झालेला दिसतो.

हे मात्र दिवसभर कमलेशबरोबर बाहेर. पत्ते खेळतात, बिल्डिंगच्या बॅरिकेडपर्यंत जाऊन येतात. यांना काही होत नाही. यांच्या डोळ्यांचं मला नवल वाटतं.

१ फेब्रुवारी

आज फार महत्त्वाचा मेसेज आला. परदेशातल्या एका संशोधकाच्या नावाने. हवेतलं विष आईच्या रक्तात जातं, रक्तातून दुधात उतरतं आणि बाळाच्या मेंदूवर बसतं. खाली हिरव्या थेंबांचं चित्र. चित्र फारच परिणामकारक होतं, काढणाऱ्याला रंगाची जाण आहे. मी लगेच ग्रुपवर टाकलं, वर दोन ओळी लिहिल्या, 'लहान बाळांच्या मातांनी कृपया लक्ष द्यावे. काळजी घ्या. – मंदाकिनी पालव.'

हात जोडलेले, फुलं, 'धन्यवाद बाई', 'पुढे पाठवतो बाई'. निवृत्तीनंतर एवढं कुणी माझं ऐकलं नव्हतं. इतक्या लोकांना एका बोटाने सावध करता येतं हे अद्भुतच आहे.

२ फेब्रुवारी

समृद्धीने चिमीला डब्याचं दूध सुरू केलं. शहाणी मुलगी.

४ फेब्रुवारी

रोज सकाळी दारापासून हॉलच्या कॅलेंडरवरच्या तारखा वाचून पाहते. आज तिथींची बारीक अक्षरं पुसट दिसली. मोबाईलवर बघितलं, 'डोळ्यांपुढे धूसर दिसणे'. जे वाचलं ते इथे लिहवत नाही. डोळे गेले तर मी कोण? आंधळी चित्रकलेची बाई.

समृद्धीलाही बरं नाही. अंगात कणकण, छाती दगडासारखी झालीय म्हणते, हात लावू देत नाही. रडत होती. सगुणाताई भाकऱ्या घेऊन आल्या होत्या, त्या थांबल्या. "काय झाला गो? पोर कवरा रडते, घे ना तिला." समृद्धी म्हणाली, "नाही ओ ताई, विष आहे." सगुणाताई माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांना मेसेज वाचून दाखवला. त्या परात उचलून गेल्या. बिचाऱ्यांना काय कळणार.

मोठ्यांच्या अंगात हे असं दिसायला लागलंय, तर त्या पोरीचं काय होणार होतं! वेळेवर सावध केलं म्हणायचं.

६ फेब्रुवारी

आजचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही.

बाळकुमच्या एका संस्थेने स्फोटग्रस्तांची नेत्रतपासणी ठेवली होती. बस आली होती. हे माझ्याबरोबर आले, रस्ताभर माझा हात धरून. मी निकाल ऐकायच्या तयारीने गेले होते. यांना सांगूनही ठेवलं होतं की घर मिळालं की कपाटातले रंग राजरत्नच्या भाचीला द्या.

मशीनवर हनुवटी टेकवली, लख्ख उजेड पडला, क्षणभर सगळं निळं. मग तिथल्या मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "हा तुमच्या उजव्या डोळ्याचा पडदा, काकू."

देवा. एक सूर्य होता. शेंदरी, अंधारात तरंगणारा. एका बाजूला पिवळसर तेजाचं बिंब, आणि त्यातून फुटणाऱ्या लाल नद्या, उपनद्या, ओहोळ, बारीक होत होत केसाएवढे. मी हजारो डोळे काढलेत. पापण्या, बुबुळ, चमकेचा पांढरा ठिपका. आणि त्या ठिपक्यामागे हे होतं, सगळा वेळ, माझ्या डोक्यात, आणि मी ते कधी पाहिलं नव्हतं. हे शेजारी उभे होते, ते स्क्रीनकडे वाकले. मग म्हणाले, "मंदा, हे सगळं तुझ्यात आहे?"

पडदा उत्तम आहे. नजरही वयाच्या मानाने चांगली. डॉक्टर म्हणाले, "काकू, डोळे कोरडे पडलेत फक्त. मोबाईल बघताना तुम्ही पापणी लववायला विसरताय." इतकंच! पापणी लववायला विसरते! मला रडू आणि हसू बरोबरच आलं. परतताना बसमधून खाडी बघत आले, मुद्दाम पापण्या लववत, जणू नवीनच शिकलेय.

मोबाईल आज पर्समधून काढला नाही. म्हणजे डॉ. सरोज डोळ्यांबद्दल बरोबर होत्या, हे मान्य केलं पाहिजे. दुधाची गोष्ट अर्थात वेगळी. ती रक्तातली आहे.

८ फेब्रुवारी

चिमीला जुलाब होतायत. सकाळपासून थांबेनात. टँकरचं पाणी गाळून, उकळून देते म्हणाली समृद्धी, पण हॉलवर गॅस एकच आणि रांग मोठी. दुपारी पोर नुसती पडून होती. रडली असती तर बरं वाटलं असतं. टाळू आत गेलेली, बशीसारखी.

कमलेशने रिक्षा काढली. मी मागे बसले, समृद्धीच्या शेजारी. कळव्याच्या हॉस्पिटलला पोचेपर्यंत ती एकच वाक्य म्हणत होती, "बाई, मी तर एक थेंब पण नाही दिलेला. एक थेंब पण नाही." मला वाटलं, स्फोटाच्या दिवशी जे शरीरात गेलं त्याचाच हा परिणाम. मी तसं म्हणालेसुद्धा.

९ फेब्रुवारी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

चिमीच्या इवल्या हाताला सलाईन. मूठ लाकडी पट्टीला बांधलेली. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर, बायजा सिस्टर, केसपेपर भरत होत्या. त्यांनी विचारलं, "अंगावर पाजत नाहीस?"

"बंद केलं."

"का गं? दूध येत नव्हतं?"

"येत होतं. खूप येत होतं. थांबवलं, तेव्हा ताप आलेला मला."

"मग कोणी सांगितलं बंद करायला?"

समृद्धीने माझ्याकडे पाहिलं नाही. खाली बघून म्हणाली, "आमच्या बाईंनी ग्रुपवर टाकलेलं."

सिस्टरनी मान वर केली. "कोण बाई?"

मी पलंगाच्या पायथ्याशीच उभी होते. हातात चिमीचं झबलं होतं. म्हणाले, "मी."

त्या ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला समजावून सांगितलं, जसं मी एखाद्या मुलाला सावली कुठे पडते ते समजावते. दुधात विष उतरलेलं नव्हतं. हवा तपासलेली होती. उलट तेच दूध या पोरीचं पांघरूण होतं, ते निघालं आणि हॉलवरचं पाणी तिच्या पोटात गेलं. "घाबरलेल्या माणसाला खरं सांगायला वेळ लागतो बाई," त्या म्हणाल्या, "आणि खोटं सांगायला एक बोट."

बाहेर पॅसेजमध्ये कमलेश उभा होता. तो चढ्या आवाजात बोलला नाही. "बाई, आम्ही दोघं दहावी पण नाही. तुम्ही शाळेत शिकवलेलं. आम्ही डोळे झाकून ऐकलं तुमचं." एवढंच बोलून पाणी आणायला निघून गेला.

समृद्धीची छाती दगडासारखी झाली होती, आणि ते मी या वहीत लिहिलं होतं. लिहिलं आणि वर स्वतःची पाठ थोपटली.

११ फेब्रुवारी

ग्रुपवर लिहिलं, 'तो मेसेज खोटा होता. मी चुकीचं पुढे पाठवलं. आयांनी बाळांना जरूर पाजावं.' दोन हात जोडलेले आले. मग कुणीतरी लिहिलं, 'बाईंवर दबाव आलेला दिसतो.' त्याच्याखाली अंगठ्यांची रांग. राजरत्न येऊन हळूच म्हणाला, "बाई, खरं सांगा, कोणाचा फोन आलेला?"

मी त्याला म्हटलं, "अरे, चिमी कळव्याला आहे, हा फोन आलेला."

मी पाठवलेला तो हिरव्या थेंबांचा मेसेज आज मलाच परत आला. डोंबिवलीच्या पश्चिमेकडच्या कुणा अनोळखी बाईकडून, माझ्याच नावासकट. एवढ्या लांब गेलाय. त्या धुराच्या खांबाने मी भारावले होते. पण धूर तर दोन दिवसांत विरला.

हे म्हणाले, "बोटाने पाठवलंस, आता पायाने परत आण." यांनी आयुष्यात एवढं मोठं वाक्य बोललेलं मला आठवत नाही.

१३ फेब्रुवारी

चिमी रडली! मोठ्याने, रागाने, वॉर्ड डोक्यावर घेऊन. समृद्धी हसत होती आणि डोळे पुसत होती. कमलेश तर सगळ्यांना सांगत सुटला, "रडते, रडते!" मूल रडलं म्हणून एवढा आनंद झालेली माणसं मी पहिल्यांदा पाहिली. मी दारातच उभी राहिले, आत गेले नाही.

१५ फेब्रुवारी

डॉ. सरोजना भेटले. म्हटलं, मला तुमच्याबरोबर न्या. त्या म्हणाल्या, "लोक तुम्हाला बोलतील, आजी." मी म्हटलं, बोलू द्या.

आज स्फोटग्रस्तांना ठेवलेल्या दोन ठिकाणी गेलो. एक शाळा, एक समाजमंदिर. माझा मेसेज दोन्हीकडे माझ्याआधी पोचलेला होता. मी प्रत्येक आईसमोर बसले आणि सांगितलं, ती मंदाकिनी पालव मीच, आणि मी चुकले. एकीची सासू म्हणाली, "आधी एक सांगता, मग दुसरं, तुमचा काय भरवसा?" तिचं म्हणणं बरोबरच होतं. मी चिमीचं सगळं सांगितलं, टाळूपर्यंत. ती आई इतका वेळ पदराखाली बाटली लपवून बसली होती. ऐकता ऐकता तिने बाटली बाजूला ठेवली आणि पोराला जवळ घेतलं. पोराला तर जणू मधले दिवस घडलेच नव्हते, बघता बघता चिकटलं. डॉ. सरोज माझ्या खांद्यावर हात ठेवून पुढच्या गादीकडे गेल्या.

१७ फेब्रुवारी

चिमी हॉलवर परत आली. सगुणाताईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली आणि स्टेजमागची नवरीची खोली बाळांच्या आयांसाठी रिकामी करून दिली.

पण समृद्धीचं दूध आटलंय. बायजा सिस्टरनी सांगितलंय की परत येऊ शकतं. त्यांनी एक पद्धत दाखवलीय. वाटीत वरचं दूध, त्यात बारीक नळी, नळीचं दुसरं टोक स्तनाला चिकटवायचं. पोर ओढते तेव्हा दूध नळीतून येतं, पण ओढ शरीराला कळते. "शरीराला वाटलं पाहिजे, मागणारं कुणीतरी आहे," त्या म्हणाल्या. वाटी कुणीतरी धरावी लागते, योग्य उंचीवर. वर धरली की पोराला ठसका, खाली धरली की ते चिडतं.

कमलेश धरायचा, पण त्याला रिक्षा काढावीच लागते. आज सकाळी समृद्धी एकटीच धडपडत होती, वाटी कलंडली. मी पडद्याबाहेर होते. आतून तिचा आवाज आला, "बाई, आहात का? जरा धरता?"

कळव्यानंतर तिने माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

१९ फेब्रुवारी

नाही. अजून नाही. समृद्धी म्हणते, आतून कोरडं कोरडं वाटतं, खडूसारखं. तिने मोबाईलवर शोधलं आणि मग स्वतःच फोन उपडा ठेवला. दर वेळी पोर ओढते, ती डोळे मिटून बसते, मी वाटी धरते. चिमीचा हात मोकळा असतो, तो माझ्या मनगटावर येऊन बसतो. इतका हलका की बघितल्याशिवाय कळत नाही.

आज मी तिला म्हटलं, "समृद्धी, मी तुझं फार मोठं नुकसान केलं गं." ती म्हणाली, "वाटी खाली जातेय बाई." मी वर धरली.

२३ फेब्रुवारी

बायजा सिस्टर सुट्टीच्या दिवशी मुद्दाम आल्या होत्या. स्वतःच्या पैशांनी, रिक्षा करून, कळव्याहून इथे. समृद्धीच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. दुपार होती, नवरीच्या खोलीत पंखा फिरत होता, आरशाभोवतीच्या पिवळ्या दिव्यांतला एकच लागत होता. सगुणाताई दाराशी उभ्या. माझ्या हातात वाटी. चिमी ओढत होती.

मग सिस्टरनी एक बोट ओठांवर ठेवलं आणि दुसऱ्या हाताने नळी चिमटीत दाबून धरली. वाटीतलं दूध हलायचं थांबलं.

मला वाटलं, आता रडेल.

चिमी थांबली. डोळे उघडून आईकडे बघितलं. मग पुन्हा ओढायला लागली, आणि थोड्या वेळाने आवाज आला. घोट गिळल्याचा. अगदी बारीक. मग दुसरा. हनुवटी खाली जाई, क्षणभर थांबे, आणि घोट. पोराच्या ओठांच्या कडेला एक थेंब जमला, पातळ, निळसर झाक असलेला, आणि ओघळून समृद्धीच्या कुशीत गेला.

समृद्धीने डोळे उघडले. "सिस्टर, नळीतून येतंय ना?" घाबरत विचारलं तिने.

सिस्टरनी चिमटी दाखवली. नळी बंद होती.

समृद्धी हललीसुद्धा नाही. काही सांडेल या भीतीने तशीच बसून राहिली. मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाली, "बाई, ठेवा आता वाटी खाली."